गच्चीवरचे तांडेल

दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर माणूस काय बघतो? कुणी सोफा बघतं, कुणी टीव्ही केवढा आहे ते बघतं, आणि आमच्यासारख्या बायका पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन ओटा बघून येतात. शामराव कांबळे बाहेर पडायची वाट बघायचे. चहाचा कप हातात यायच्या आधी त्यांची नजर दारावरून खिडकीकडं, खिडकीवरून ग्रिलकडं आणि तिथून मागच्या बाल्कनीत जाऊन परत आलेली असायची. माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा मी 'बसा' म्हणायच्या आत म्हणाले, "बाई, ह्या ग्रिलला उघडायची खिडकी ठेवली न्हाईसा?"

मी म्हटलं, "कशाला? चोरासाठी?"

"चोरासाठी न्हवं. तुमच्यासाठी."

पहिल्याच भेटीत असं बोलणाऱ्या माणसाचा राग येणार नाही तर काय! मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. हायस्कूलात तीस वर्षं पी.टी. शिकवली. आवाज मोठा, बोलणं तोंडावर. म्हणूनच मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या चार मजली अपार्टमेंटचं सेक्रेटरीपद सगळ्यांनी हसत हसत माझ्या गळ्यात घातलं. माझ्याशी भांडून जिंकलेला माणूस त्या सोळा फ्लॅटमध्ये नव्हता. शामराव माझ्याशी भांडायचेच नाहीत. ते फक्त तेच वाक्य दुसऱ्या दिवशी परत म्हणायचे.

त्यांची सगळी नोकरी बंबावर गेली होती. आग विझवायच्या गाडीला आमच्याकडं बंबच म्हणतात. फायरमन म्हणून लागले आणि तांडेल होऊन निवृत्त झाले. तांडेल म्हणजे गाडीवरच्या माणसांचा पुढारी, धुरात पहिला शिरणारा. निवृत्त होऊनही त्यांना सगळे तांडेलच म्हणत. बुटका, भक्कम माणूस. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, तिच्यावर एक केस नाही. घसा बसल्यासारखा आवाज, आणि दर चार वाक्यांनंतर कोरडा खोकला. पायात कायम नाडीचे बूट. खाली दूध आणायला निघाले तरी नाड्या बांधून. चौथ्या मजल्यावर फ्लॅट कशाला घेतला म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "वर टेरेस हाय म्हणून. खालची वाट बंद झाली तर वर जाता येतंय की."

लिफ्ट असून ते रोज सकाळी जिन्यानं खाली यायचे आणि येता येता जिना मोकळा करायचे. कुणाची कुंडी उचल, कुणाचं चपलांचं स्टँड भिंतीला लाव, कुणाची सायकल खाली ने. बोलायचे नाहीत, हात चालायचा. सगळ्यात मोठं भांडण जिन्याच्या पायाशी, मीटरच्या बोर्डाखाली. ती जागा रिकामी दिसली की लोकांचा हात शिवशिवतो. जुने खोके, गणपतीच्या मंडपाचं कापड, थर्माकोलची कमान, सगळं तिथंच. तांडेल ते रोज उचलून पार्किंगच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे आणि आठवड्याभरात ते पुन्हा बोर्डाखाली यायचं. त्यातलं मंडपाचं कापड माझ्या परवानगीनं तिथं ठेवलेलं असायचं, हेही कबूल करते.

त्यांच्या घरी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. रोज संध्याकाळी रत्नावहिनी मेणबत्ती लावायच्या. वंदना झाली की वहिनी स्वयंपाकाला लागायच्या आणि तांडेल मेणबत्तीसमोर बसून राहायचे. ती चिमटीत धरून विझवली, वातीवर पाण्याचं बोट लावलं, की मगच उठायचे. वहिनी मला म्हणायच्या, "अडतीस वर्षं झाली बाई, ह्या माणसानं मला एकटीला मेणबत्तीजवळ सोडलं न्हाई. पिक्चरला एकटी सोडलंय, बाळंतपणाला एकटी सोडलंय, पर मेणबत्तीजवळ न्हाई."

माझ्या भाच्याच्या लग्नाला दोघांना बोलावलं होतं. पंगत बसली, वहिनी बसल्या, तांडेल कुठं दिसेनात. शोधत मागं गेले, तर नवा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला हा माणूस तांदळाची पोती ओढतोय! कार्यालयाचं मागचं दार आचाऱ्यानं पोती आणि सिलिंडर लावून बंद करून टाकलं होतं. आचारी कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "ओ पावणं, जेवायला बसा की! हितं काय हुडकालायसा?"

"दार हुडकालोय."

"दार तिकडं फुडं हाय."

"फुडचं बघून आलो. हे मागचं."

"मागनं कोण जातंय?"

"कुणी जिवानिशी जाऊ ने म्हणूनच बघालोय," तांडेल म्हणाले आणि सिलिंडरला हात घातला. शेवटी आचाऱ्यानंच वैतागून चार पोरं लावली. दार उघडल्यावर तांडेल दोनदा बाहेर जाऊन आत आले, कडी हलवून बघितली आणि मग कुठं हात धुतले. तेवढ्यात नवरीच्या मामांनी त्यांना वाढपी समजून मठ्ठा मागितला. तांडेलांनी बादली उचलली आणि अख्खी एक पंगत मठ्ठा वाढला. मी लाजेनं अर्धी झाले. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

आता कुलपाचं सांगते.

आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, अशा पाच-सहा किलो मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, तीन-चार दिवस गच्चीवर कडक वाळवायच्या, मग कांदा-लसूण-मसाल्यासकट डंकावर कुटून आणायच्या. ती चटणी बिघडली की वर्षभर घरात कुणाचं तोंड सरळ राहत नाही. त्या वर्षी माझ्या मिरच्या चोरीला गेल्या. चादरीसकट! चोर अजून सापडलेला नाही. मी चारही मजले डोक्यावर घेतले, आणि संध्याकाळी गच्चीच्या दाराला नवा कडी-कोयंडा आणि हे एवढं थोरलं कुलूप लागलं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी माझ्या कपाटात.

दुसऱ्या दिवशी तांडेल दारात. "बाई, टेरेसच्या दाराला कुलूप घालता येत न्हाई. नियम हाय."

"मिरच्या चोरायच्या नाहीत असाही नियम आहे."

"मिरच्या परत आणता येतील की."

"मग आणा!" म्हणून मी दार लावून घेतलं.

ते सोडतात होय! तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. शेवटी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग घेतली. तांडेल उभे राहिले, पण त्यांना बोलता येत नव्हतं. हुकूम द्यायची सवय, पटवून द्यायची नाही. "आग खाली लागती. धूर वर जातोय. जिना म्हंजे धुराचं धुराडं. वरचं दार उघडं असलं तर धूर बी जातोय आणि माणूस बी. बंद असलं तर दोघं बी आतच," एवढं बोलले आणि खोकला आला. मी म्हटलं, "किल्ली चोवीस तास माझ्याकडं आहे. वेळ आली तर मी उघडणार नाही का? एवढा पण विश्वास नाही?" सगळे हसले. मत घेतलं. कुलपाच्या बाजूनं पंधरा हात. विरोधात एक. तांडेल तो हात वर धरून म्हणाले, "लिहून घ्या बाई. एकाचा विरोध." मी लिहिलं, त्यांनी वाचलं आणि सही करून जिन्यानं वर गेले.

मला कसंतरीच झालं. खुर्च्या आवरून मी वर गेले, तर ते गच्चीच्या आधीच्या पायऱ्यांवर बसले होते. मी म्हटलं, "तांडेल, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"किल्लीचं म्हणालासा न्हवं तुमी," ते म्हणाले. "अशाच एका बिल्डिंगला गेलतो. वर पोचलो तर टेरेसच्या दाराशी नवरा-बायको. गेलेली. मला वाटलं, किल्ली नसंल. तर त्या बाईच्या मुठीत जुडगा. सतरा किल्ल्या. मी नंतर मोजल्या. बरोबरची किल्ली त्यातच हुती, बाई. मी तिनंच दार उघडलं."

हे ऐकून मी खाली आले. पण कुलूप काढलं नाही. पंधरा हात वर झाले होते, माझ्या मिरच्या गेल्या होत्या आणि मी जिंकले होते. माझ्यासारख्या बाईला जिंकलेलं सोडवत नाही, हे खरं कारण.

त्यानंतर तांडेलांनी कुलपाचा विषय काढणं बंद केलं, आणि एक नवीनच खूळ सुरू केलं. बायकांची वाळवणं वर गेली की सकाळी नऊला माझ्या दारात. "बाई, किल्ली द्या. मिरच्यांवर बसतो." पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक स्टूल, डोक्याला ओला पंचा, हातात वेळूची काठी, शेजारी पाण्याची बाटली. संध्याकाळी ऊन उतरलं, मिरच्या खाली गेल्या, की कुलूप लावून किल्ली परत माझ्या हातात. आम्हा बायकांना हसू यायचं. मत हरलं म्हणून स्वतःच दार उघडं ठेवून बसतंय म्हातारं, असं मी सगळ्यांना सांगायची. वर म्हणायची, "बसू दे की! फुकटचा राखणदार मिळालाय." कोल्हापुरातलं मे महिन्याचं ऊन, त्यात मिरच्यांचा खाट, तो घशात बसणारा तिखट ठसका. खोकून खोकून जीव जायचा त्यांचा. रत्नावहिनी दुपारी ताक घेऊन वर जायच्या आणि बोल लावून खाली यायच्या. तांडेल उठले नाहीत. असे दोन उन्हाळे ते बसले.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. दुसऱ्या मजल्यावर गोदाकाकू कुलकर्णी राहतात. ऐंशीला टेकलेल्या, एकट्या, सांडगे-पापड अजून स्वतःच्या हातानं करणाऱ्या. त्यांनी मला बोलावून हळूच सांगितलं, "त्यांना म्हणावं, माझ्या वाळवणाला तेवढा हात लावू नका हं. माझं जरा असतं." काय असतं, ते त्यांना माहीत, मला माहीत. मी काकूंना तिथंच झापायला हवं होतं. एरवी कुणालाही झापते. पण म्हातारी आहे, कशाला वाद, असं म्हणून मी निमूट वर गेले आणि तो निरोप तांडेलांना दिला. तांडेल म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून काकूंच्या पापडांवर कबुतर आलं की लांबूनच काठी आपटायचे.

मग एका दुपारी वळीव आला. सगळं अपार्टमेंट झोपलेलं. तांडेलांनी एकट्यानं अकरा घरांच्या मिरच्या चादरीची टोकं धरून जिन्यात ओढल्या. राहिले काकूंचे पापड. हा माणूस वरून तीन मजले धावत खाली गेला आणि काकूंची बेल दाबली. "काकू, पाऊस. तुमच्या वाळवणाचं काय करू?" गुडघे गेलेली ती बाई गच्चीच्या पायऱ्या कशी चढणार? माझा फ्लॅट समोरच, बेलच्या आवाजानं मी बाहेर आले होते. काकू दारात उभ्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, विचारता काय असं? आणा की!" अर्धे पापड भिजले होते. काकू ते बघून रडल्या. पापडांसाठी रडल्या असं मला आधी वाटलं. नंतर कुरडया तळल्या की पहिली ताटली चौथ्या मजल्यावर जायला लागली, आणि ती काकू लिफ्टनं स्वतः घेऊन जायच्या.

मी तांडेलांना म्हटलं, "काकूंनी केलं ते वाईटच केलं. तुम्हाला राग आला असेल."

"आलता की."

"म्हातारी आहे हो. सोडून द्या."

"काकूंचा न्हाई आला," तांडेल म्हणाले. "तसली माणसं जन्मभर बघितली. तुमचा आला. तुमी निरोप घिऊन आलासा."

माझ्या तोंडावर असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांची लेक वारणानगरला बाळंत झाली. जावई तिथं कारखान्यात. तांडेल आणि वहिनी पंधरा दिवस तिकडं निघाले. जाताना ते माझ्याकडं आले. मी तयारीतच होते, आता कुलपाचं व्याख्यान होणार म्हणून. तर म्हणाले, "बाई, मी न्हाई तवर कुलूप लावत जावा. मिरच्या हाईत सगळ्यांच्या."

मला केवढा आनंद झाला! शेवटी पटलं म्हाताऱ्याला! मी चौघींना सांगितलंसुद्धा.

ते गेल्यावर आठ दिवसांत मीटरच्या बोर्डाखाली सगळा पसारा परत आला. उचलणारं कुणी नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी मी माझ्या मिरच्या घेऊन डंकावर गेले होते. तिथं कुटण्याचा धडाड आवाज. पर्समधला फोन ऐकूच आला नाही. बघितला तेव्हा नऊ मिस्ड कॉल. दहावा उचलला तर तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीची आई किंचाळली, "बाई, किल्ली! खाली आग लागलीया, जिन्यात धूर हाय, किल्ली कुठाय?" आणि फोन बंद झाला.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुसरी माझ्या बंद घरातल्या बंद कपाटात.

मिरच्या तिथंच टाकून मी रिक्षात बसले. रिक्षावाल्याला काय बोलले मला आठवत नाही. किल्ली मुठीत धरली होती, एवढी घट्ट की तळव्याला वण उठला. डोळ्यांपुढं दुसरं काही येत नव्हतं, त्या बाईची मूठ येत होती. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि रिक्षावाला म्हणत होता, "मावशी, पोचतोय, पोचतोय."

गल्लीच्या तोंडाशी बंब उभा. आमच्या पार्किंगमधून काळा धूर. बोर्डाखालचे खोके, थर्माकोल, माझ्या परवानगीचं मंडपाचं कापड, सगळं पेटलं होतं. मी किल्ली उंच धरून धावले आणि तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरून म्हणालं, "बाई, वर बघा की!"

गच्चीच्या कठड्याला माणसं उभी होती. दुपारची घरात असलेली सगळी. अकरा जणं. वैशाली, तिची आई, गोदाकाकू, सगळे. खोकत होते, तोंडं काळी, पण उभे होते.

वैशाली कुस्ती खेळते. काकूंना तिनंच पाठीवर घेऊन वर नेलं होतं. दाराशी गर्दी झालेली, सगळे किल्लीच्या नावानं ओरडत होते. तिनं काकूंना खाली ठेवलं, चार पायऱ्या मागं आली आणि दाराला खांदा दिला. पहिल्याच धक्क्याला दार उघडलं आणि ती बाहेर तोंडावर पडली. सगळा धूर त्या दारातून भसकन वर निघून गेला, म्हणून मागची माणसंही बाहेर पडली. कुलूप फोडलं म्हणून तिचं केवढं कौतुक झालं!

आग विझल्यावर बंबावरच्या एका साहेबांना घेऊन मी वर गेले. कुलूप फुटलं नव्हतं. जसंच्या तसं बंद होतं. कोयंडाच चौकटीतून उपसून लोंबत होता. साहेबांनी खाली पडलेला एक स्क्रू उचलून तळहातावर ठेवला. नखाएवढा. "एवढ्या जाड कोयंड्याला असले स्क्रू कुणी मारलेत, बाई? दहा वर्षांच्या पोरानं ढकललं तरी निघंल हे." मग चौकटीतली भोकं बघून म्हणाले, "आधी लांब स्क्रू होते. कुणीतरी काढून हे बसवलेत."

मी चारही स्क्रू वेचले आणि किल्लीशेजारी पर्समध्ये टाकले.

तांडेल दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. खबर लागताच पहिली एस.टी. पकडली होती. पार्किंगची काळी भिंत बघून जिना चढत आले. मी कोयंडा आणि ते चार स्क्रू घेऊन पायऱ्यांवर वाट बघत होते.

"हे तुमचं काम?"

त्यांनी स्क्रू हातात घेतले. "व्हय."

"कधी केलंत?"

"मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी. तुमी बाजारला गेलतासा."

"अहो, मी रोज संध्याकाळी त्या कुलपाला हिसका मारून बघत होते!"

"तुमी खाली हिसका मारायचा. तसं न्हाई निघत ते. बाहेर ढकलायला पायजे."

"आणि एखाद्या चोरानं ढकललं असतं म्हणजे? आमच्या मिरच्या?"

"म्हणून तर बसत हुतो की, बाई," तांडेल म्हणाले. "तुमचं कुलूप मी खोटं केलं. मग राखण कुणी करायची? दोन उन्हाळं काय जाऊ दिलं न्हाई. ह्या बारीला लेकीकडं जायाचं आलं, तर नुसतं कुलूप दिसू दे लोकांना, तेवढंच, असं म्हटलं."

शाळेत मुलं मला दगड म्हणायची. त्या दिवशी मी त्या पायरीवर बसून अशी रडले, की रत्नावहिनींना सामान टाकून माझ्याजवळ बसावं लागलं. दोन वर्षं मी ह्या माणसाला हसले होते. त्यांनी खाट खाल्ला, ऊन खाल्लं, लोकांचं बोलणं खाल्लं, आणि तेही एका चोरून केलेल्या कामाची भरपाई म्हणून. आणि माझ्या बंद मुठीत काय होतं, तर किल्ली.

आम्ही त्यांचा सत्कार करायला मीटिंग बोलावली. नारळ, शाल, सगळं. तांडेलांनी शालीला हात लावला नाही. उभे राहून म्हणाले, "पंधरा जणांनी हात वर केलते. मला पटवता आलं न्हाई, म्हणून मी चोरून खोटं पाडलं. हे चुकीचं हाय. आता परत मत घ्या. दार उघडं ठेवायचं का न्हाई, तुमचं तुमी सांगा." मी मत घेतलं. सोळा हात वर झाले. काकूंनी दोन्ही हात वर केले म्हणून सतरा दिसत होते. तांडेल खाली बसले आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मिरच्यांचं काय करायचं हेही त्याच मीटिंगमध्ये ठरलं. वाळवण ज्यांचं, त्यांनी पाळीपाळीनं राखायचं. माझी पाळी सोमवारची.

त्यानंतर त्यांचा खोकला वाढतच गेला. संध्याकाळी ते वैशालीला थांबवायचे. "त्या दिवशी कुठं उभी हुतासा सगळी? काकू कुठं? मग काय केलासा?" तिनं दहा वेळा सांगितलं असेल. एकदा मला म्हणाले, "नोकरीत किती जिने चढलो, बाई. पर मी पोचायचो ते बंद दाराशी. आपल्या पायानं वर जाऊन उभी राहिलेली माणसं मी कधी बघितली न्हाईत. आणि आपल्याच बिल्डिंगला ते झालं, तर मी वारणानगरला."

पुढं डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले. लेकीनं दोघांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं, तळमजल्याचं घर बघितलं. निघायच्या दिवशी टेम्पो भरला. तांडेल ड्रायव्हरशेजारी बसले होते, दम लागलेला, बोलणं तुटक. मी आदल्या दिवशी घरोघर फिरून सांगून ठेवलं होतं. खिडकीपाशी उभी राहून मी म्हटलं, "तांडेल, जरा वर बघा."

गच्चीच्या कठड्याला माणसं उभी होती. त्या दिवशीचीच, त्या दिवशीच्याच जागी. वैशालीनं गोदाकाकूंना कमरेला धरून उभं केलं होतं. कुणी हात हलवत नव्हतं, नुसते उभे होते.

तांडेलांनी बोट वर केलं आणि एका टोकाकडून मोजायला सुरुवात केली. शेवटाला पोचेपर्यंत त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "अकरा," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुमी खाली का?"

"मी त्या दिवशी वर नव्हते, तांडेल. मी किल्ली घेऊन बाजारात होते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पंच्यानं तोंड पुसलं. "मग आज जावा की. मी थांबतो."

लिफ्ट वर गेलेली होती. मी जिन्यानं पळाले. बासष्टाव्या वर्षी चार मजले, आणि वरच्या पायऱ्या. दार उघडंच होतं. वर पोचले तेव्हा छाती फुटायला आली होती. वैशालीनं बाजूला सरकून मला जागा दिली. मी कठड्याला धरून खाली वाकले. टेम्पोच्या खिडकीतून तांडेलांचा तो केस नसलेला हात बाहेर आला, बोट सरळ माझ्याकडं झालं, आणि त्यांचे ओठ हलले. एवढ्या उंचावर काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण बारा म्हणाले हे मला कळलं. मग हात आत गेला आणि टेम्पो निघाला.